अकरा फोडी

मार्च लागला की आमची शाळा
गॅलरीतून सरकत सरकत
स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसते.
ऊन पुढे येतं, आम्ही मागे सरतो.

मोहननगरच्या या दोन खोल्यांत
घंटा म्हणजे कुकरची तिसरी शिट्टी
आणि प्रार्थना म्हणजे हे ड्यूटीवर निघायच्या आत
चौघांनी धरलेले हात,
त्यातले दोन अजून टूथपेस्टचे.

हजेरी मात्र मी रोज घेते. रजिस्टर आहे, लाल पुठ्ठ्याचं.
"यमीमा?"
"हजर." टेबलाखालून.
"नहेम्या?"
"हजर. मांजरही हजर."
वर्गात पहिला नहेम्याच. शेवटचाही तोच.

उपवासकाळ चालू आहे.
ह्यांनी चाळीस दिवस चहा सोडलाय,
त्यामुळे घरातली सकाळ जरा चिडकीच.
मी ओरडणं सोडलं होतं,
राखेच्या बुधवारी.
गुरुवारी दुपारपर्यंत टिकलं.

कूलरला काल नव्या ताट्या लावल्या.
वाळ्याच्या ओल्या वासात
यमीमा पळसाचं फूल रंगवतेय.
सेमिनरी हिल्सवरून आणलेलं, आता मलूल झालेलं.
"आई, ह्याचा रंग उतरला,
मी कालचा काढू की आजचा?"
मला सांगता आलं नाही.
मी म्हटलं, आधी देठ काढ.

रस्त्यावरून मुलं पेपरला जातात,
पॅड बगलेत, बाटली गळ्यात,
कपाळावर कुणाच्या कुंकू, कुणाच्या नुसताच घाम.
नहेम्या गॅलरीच्या गजांत तोंड घालून उभा.
खालून उकेबाई विचारतात,
"काहो मॅडम, तुमच्या पोट्ट्यायची परीक्षा नाही का बाप्पा?"
आहे म्हटलं. आहे ना.

मग मी प्रश्नपत्रिका काढली.
हॉलतिकीट केलं, स्केचपेननं नंबर घातला.
जेवणाच्या टेबलावर तो एकटा बसला,
मी हात मागे बांधून फेऱ्या मारल्या.
पाच मिनिटांनी त्यानं मान वर केली,
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
उजवीकडे फ्रिज होता.
"आई," म्हणाला, "मी कुणाचं पाहून लिहू?"

मी हसले.
मग भांडी नसतानाही
मोरीचा नळ सोडून
जरा वेळ उभी राहिले.

दुपारी अपूर्णांक.
मृगाचं संत्रं सोललं, बाजारात आता शेवटचीच आहेत,
साल सैल, आत गोड.
दहा फोडी निघतील, पाच-पाच करू, म्हणजे अर्धा समजेल,
असा माझा धडा होता.
अकरा निघाल्या.
"बारातला एक उठून गेला," यमीमा म्हणाली,
ब्रशवरून नजर न काढता,
आणि मी गणिताचं पुस्तक मिटलं.

ती अकरावी फोड कुणी खाल्ली नाही.
ताटलीत सुकत पडली चारपर्यंत.

चारला उकेंचा प्रज्वल जिन्यात येऊन बसला,
वर घरी जायचं सोडून.
त्याचा पेपर वाईट गेला होता, ते बुटांवरूनच कळत होतं.
नहेम्या फोड घेऊन गेला.
"कसा गेला?"
"गेला."
त्यानं त्याची प्रश्नपत्रिका मागून घेतली
आणि परगावाचा फोटो पाहावा तशी
उलटीसुलटी पाहत बसला.
"तुह्यं बरं हाय लेका," प्रज्वल म्हणाला,
"तुले कोणी नापास नाही करत."
नहेम्या काहीच बोलला नाही.
बी थुंकायचा आवाज आला,
मग दुसऱ्याचा, जास्त लांब गेलेल्याचा,
मग हसणं.

रात्री हे घरी आले, पाणी प्याले,
चहाच्या डब्याकडे पाहून उसासले.
मी उद्याची तारीख घालायला रजिस्टर उघडलं.
दोन नावांच्या खाली
तिसरं नाव, पेन्सिलीनं, ओळीबाहेर गेलेलं:
प्रज्वल उके.
आणि समोर, माझ्याच पद्धतीनं,
चौकटीत नीट बसवलेलं,
अर्धा दिवस हजर.