मशी

साहेब म्हणाले, अर्जात काजळी लिहू नका,
कणरूप पदार्थ लिहा, म्हणजे वर वाचतात.
मी माझा शब्द खोडला नाही.
शेजारी त्यांचाही लिहिला,
पाहुण्याला पाट द्यावा तसा.

आमच्या गल्लीत, अक्कलकोट रोडच्या मागच्या अंगाला,
अंबुबाई गाजूल तिला मसि म्हणतात, तेलुगूतून.
मल्लव्वाही मसिच म्हणते, कन्नडातून.
दस्तगीरचाचा नुसतं वर बोट करतात.
मराठीत मशी म्हणजे शाई,
हे शाळेत पाठ केलं होतं.
समजलं मात्र गच्चीवर.

आधी कुणी मोजत नव्हतं.
म्हणजे विड्या मोजायचो, हजाराला किती, छाटात किती गेल्या.
नळाचे दिवस मोजायचो बोटांवर, पाचव्या बोटापर्यंत.
नातवाच्या छातीतली शिट्टी रात्रीत किती वेळा वाजली, तेही.
पण डाइंगच्या चिमणीतून काय पडतं
ते मोजणारं मशिन बाहेरगावाहून यायचं होतं.
आलं एकदा.
त्या दिवशी चिमणी उपाशी.

मग अंबुबाईंनी सेकंडचे टॉवेल आणले,
विणीत धागा चुकलेले, बाजाराला नको असलेले, पण पांढरे.
रोज एक, तारेला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.
कोपऱ्यात मी तारीख घालायची
आणि वारा कुठून होता ते.
अकरा झाले.
चौथा जवळजवळ कोरा, कारखान्याला सुट्टी होती.
नववा असा, की घडी घालताना
अंबुबाईंनी दोन बोटांत धरला,
शेपटीनं उंदीर धरावा तसा.

अंगणवाडीत बसलो. मी मोठ्यानं वाचलं: बॉयलर बंद करा.
कुणी टाळी वाजवली.
अंबुबाई उठल्या नाहीत. विडीचं सूप मांडीवर, पानाला कात्री चालूच.
म्हणाल्या, बॉयलरवर माझा श्रीनू आहे.
चिंध्या, टायर, बाभळ, जे मिळेल ते
आत कोंबणारे हात मी न्हाऊ घातलेत.
बंद म्हणजे काय ते मला सांगू नका.
गिरणी बंद झाली तेव्हा मी सात वर्षांची होते.
भोंगा थांबला,
मग अण्णाही थांबले. बोलायचे.

पंखा फिरत होता, तोही थांबला. वीज गेली.
वर पत्रा, बाहेर चव्वेचाळीस.
दस्तगीरचाचा म्हणाले, एवढं ऊन फुकट पडतंय या गावावर,
टॉवेल वाळतात, मिरच्या वाळतात, माणसं वाळतात.
रंगाचं पाणी तापायलाच काय होतंय?
हसलो.
दाराशी श्रीनू उभा होता, पाळी संपवून आलेला, भुवयासुद्धा काळ्या.
तो हसला नाही.
ऐंशीपर्यंत तापेल, म्हणाला,
पुढच्यासाठी धड इंधन द्या.
पत्रा मोठा आहे आपला. मी डबा तिथंच खातो, बघत.

मी ‘बंद करा’ खोडलं. ‘बदला’ लिहिलं.
खाली जोडलं: कामगार तेच ठेवून.
वाक्य एवढंसं.
त्यावर रात्री अकरापर्यंत भांडलो.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर टॉवेल उलगडले,
काचेखालचे देव झाकले गेले.
साहेब म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत.
अंबुबाई म्हणाल्या, मग हात पुसा याला.

त्यांनी नाही पुसले.

आवक क्रमांक मिळाला. शिक्का अर्धाच उमटला,
पॅडमधली शाई वाळली होती.
निघताना म्हणाले, हे घेऊन जा.
आम्ही ठेवून आलो.
घरी धुवायचे कशानं? पाणी गुरुवारी.

बारावा तारेवर आहे आत्ता.
वारा नैर्ऋत्येचा.
श्रीनू ड्यूटीवर.