बारा, अकरा, नऊ, आठ, दहा

ओमाहा. पहाटेचे साडेचार.
बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय.
गोदामातली रात्रपाळी अंगावर तशीच ठेवून
इख्लास बसलीय फ्रिजवरच्या तक्त्यासमोर.
रक्त कसं गोठतं, ते पाठ करायचंय.

बारा, अकरा, नऊ, आठ, दहा.
"आठानंतर दहा कसे?"
दूध प्यायला उठलेला मुन्तसिर विचारतो.
सापडतील तसे नंबर दिले रे,
उशिरा शाळेत आलेल्या पोरांना देतात तसे.

प्रश्न एकशे चौदा:
तिशीतली स्त्री, नुकतीच बाळंत,
रक्तस्राव थांबत नाही.
खाली पाच पर्याय.
बाईला नाव नाही.

ओम्दुरमानात होतं. सित्तना.
वीज गेलेली, लॅबला कुलूप.
तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन
इख्लासनं मुठीत ऊब दिली,
टॉर्च दातांत धरून घड्याळ बघत राहिली.
सात मिनिटं.
नळी तिरकी केली.
पाण्यासारखं वाहिलं.
मग ती दाराकडे धावली होती,
दिरा-भावांना बाह्या वर करायला सांगत.

ती 'ब'वर खूण करते.
चूक.
मागं स्पष्टीकरण, दीड पान.
ती दोनदा वाचते. राग येत नाही.
त्या रात्री मुठीत काय घडत नव्हतं
ते बावीस वर्षांनी कळतंय,
क्रमवार, बाणांसकट.

मुन्तसिर कप विसळतो.
"मग त्या बाईचं काय झालं?"
"कोणत्या?"
"प्रश्नातल्या."

इख्लास पान उलटते.
एकशे पंधरा: तीन वर्षांचा मुलगा, ताप.