गळका डबा

जानेवारीत चार-पाच सकाळी
माझगावातसुद्धा खोबरेल गोठतं.
आप्पा बाटली काखेत धरून बसतात,
गाठोडं राखत बसल्यासारखे, पेपर वाचत.
कडा आधी सुटतात,
मग पांढरा गोळा हळूच तळाशी जातो.
"बघ, तेल बुडतं," ते म्हणतात,
"पाणीच तेवढं उलट्या काळजाचं.
गोठलं की फुगतं, वर येतं."

धाकटू गोताड, एकतीस वर्षं,
ससून डॉकमागचा बर्फ कारखाना.
मिठाच्या पाण्याची काळी टाकी,
त्यात पत्र्याचे डबे बुडवलेले,
डब्यांत गोडं पाणी, रात्रभर.
पहाटे आकडा लावून लादी ओढायची,
बोटींची वेळ व्हायच्या आत.
डोळ्यांत अमोनिया. हातमोजे
मागितले की मिळायचे,
आणि भिजले की काढून ठेवायचे.

आता त्यांना चहाचा कप गरम लागत नाही.
कान सोडून कप मुठीत धरतात,
कातडी लाल झाली की त्यांना कळतं,
तेही डोळ्यांनी.

मी तापमापक तपासते.
साकीनाका, दुसरा मजला, एसी कायम तेवीसवर.
दवाखाने, दुधाच्या डेअऱ्या, मासळीची गोदामं,
सगळे आपापले काटे पाठवतात
आणि मी लिहून देते कोण किती खोटं बोलतो.
गेल्या महिन्यात एका दवाखान्याचा फ्रिज:
काटा म्हणत होता दोन, आत होतं उणे तीन.
लशी एकदा गोठून वितळल्या होत्या.
दिसायला तशाच. बाटली हलवली
तर तळाला पिठासारखा साका.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वितळल्या ना पण?
मी म्हटलं, बाई, उकडलेलं अंडं
फ्रिजमध्ये ठेवून कच्चं होतं का?
त्या हसल्या नाहीत. दोनशे दहा डोस होते.

तर त्या रविवारी
आमचा प्रमाण-तापमापक घरी आणला होता,
ज्याच्यावरून बाकीचे सगळे तपासायचे तो.
रसवंतीवाल्याकडून बर्फ, थोडं शुद्ध पाणी,
खलबत्त्यात कुटून थर्मासमध्ये भरला.
बर्फ आणि पाणी एकत्र नांदतात
तिथे शून्य. यावर माझी नोकरी उभी आहे.

आकडा आला उणे शून्य पूर्णांक चार.
अर्धा तास थांबले. तोच.
पुन्हा कुटला, पुन्हा भरला. तोच.
म्हणजे प्रमाणच सरकलं.
म्हणजे दिवाळीपासूनचे सगळे दाखले,
ती डेअरी, तो फ्रिज, तीही माझी चूक असेल का,
मी वहीत तारखा मोजू लागले.

आप्पा उठून आले.
थर्मासमधून चिमूटभर चुरा उचलला,
बोटांवर ठेवून पाहिला, सवयीनं;
बोटं काही बोलली नाहीत.
मग जिभेवर टाकला.
"खारं हाय," म्हणाले. "डबा गळका.
टाकीतलं पाणी आत झिरपलं.
आमचा मुकादम असली लादी
मासळीला द्यायचा, रसवाल्याला न्हाय."

मीठ. मिठानं शून्य खाली ओढलं होतं,
यंत्र बिचारं खरं सांगत होतं.
मी वही मिटली, जोरात हसले,
शेजारच्या दुकानाचा बर्फ आणायला निघाले
आणि दारातून वळून पाहिलं:
आप्पा टीव्हीकडे बघत होते,
उजव्या हाताची दोन बोटं
अजून थर्मासमध्ये, विसरलेली.

ती मी काढली. पांढरी, मेणासारखी.
काखेत धरून बसले.
टीव्हीवर कांद्याचे भाव चालले होते.
आप्पा म्हणाले, "काय करतीस?"
म्हटलं, काही नाही, बसा.
वीस मिनिटं लागली असतील.
ऊब आली.
मला कळली.