चौथी पिशवी

माळ्याचं झाकण उघडण्याआधी
मी पंखा बंद करायला सांगितला.
व्हर्ना बियर्डीनं भट्टीही विझवली.
बाहेर मॅनिटोबाचा जानेवारी, उणे एकतीस.
"जाऊ दे ऊब," म्हणाली,
"पन्नास वर्षं फुकट वापरलीय."

वर, बॅटरीच्या उजेडात,
तुळयांमधे पसरलेलं ते:
सोनेरी, चुरचुरीत,
कुणी धान्य वाळत घालून विसरल्यासारखं.
फवाऱ्यानं भिजवलं, चमचा खोल घातला.
घातक ते बारीक असतं, तळाशी जातं.
एक पिशवी झाकणाजवळची, एक उत्तरेची,
एक चिमणीमागची.

खाली आलो तर तिच्या तळहातावर
काडेपेटीएवढी गादी. बाहुलीची.
"ही पण तपासाल?
बापानं वर गोण्या ओतल्या त्या हिवाळ्यात शिवली.
गालाखाली घेऊन झोपायचो,
मी आणि लोर्ना, आळीपाळीनं."
लोर्ना कोण, विचारलं नाही.
भिंतीवर एक फोटो होता, मण्यांच्या चौकटीत.
ॲस्बेस्टॉस हा शब्दही
दोघांनी उच्चारला नाही.

अहवाल दहा दिवसांनी, एवढंच म्हणालो.
फॉर्मवर रकाना: नमुना कुठून घेतला.
तीन ओळी झरझर लिहिल्या.
चौथीपाशी पेन अडलं.
तिनंच सांगितलं,
"लिहा, उशाखालून."