रुपयाचं नाणं

पाथर्डी फाट्यावरचा तिसरा मजला.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर,
एजंट त्याचेच दीड लाख लावत होता.
रंग इतका ताजा
की सुमेधाच्या ओढणीला लागला.

सोबत वडाळ्याचे सय्यद मिस्त्री.
गुडघे गेलेले, कान शाबूत.
खिशातून रुपयाचं नाणं काढलं
आणि फरशी-फरशीला विचारत निघाले.
टण. टण. टण.
बाथरूमच्या दाराशी – डब.

"चाचा, बारा वर्षांची तर बिल्डिंग," एजंट म्हणाला.
चाचांनी कपाटामागच्या भिंतीला
तळहात लावला, ताप बघतात तसा,
आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.
"ओल आहे," एवढंच.
मग बाल्कनीत उभे राहिले, पाठमोरे.

खाली, रसाच्या गाड्यापाशी,
ग्लास नुसता हातात धरून म्हणाले,
"हा स्लॅब मीच भरलाय.
गोणीमागे वाळू किती, ते ठरवणारा वेगळा होता,
पण घमेली माझ्या माणसांच्या डोक्यावर होती.
बाथरूमखाली वॉटरप्रूफिंग नाही.
झालं म्हणून कागदावर सही आहे.
माझी."

ठरलेले पाचशे त्यांनी घेतले नाहीत.
रसाचे पैसेही त्यांनीच दिले.

घर आम्ही अजून शोधतोय.
सुमेधा कुणाकडे गेली
की चपला काढता काढता
टाचेनं फरशी वाजवून बघते.
परवा रात्री झोपेत
माझ्या पाठीवर तिनं टिचकी मारली.
टण वाजलो की डब,
सकाळी मी विचारलं नाही.