हौसेला मोल नसतं

इद्वल, आधी ती पावती खिशात ठेव.
दोन हजार आठशे पौंड हा आकडा
पाच हिवाळ्यांपूर्वीचा आहे,
आणि ब्लायनायचे हिवाळे मी तुला काय सांगू?
खाणीतल्या पाटीच्या दगडाची पूड पावसात कालवून
ते सायकलीच्या सांध्यासांध्यात लिंपतात.
शाळेच्या पाट्या करायचा हा दगड.
अजूनही हिशेबच शिकवतो.

चल, स्टँडवर चढव. एक हात दे.
चांगली राखलेली असती तर तेराशे.
इथून खाली उतरू.

चेनमध्ये मापपट्टी घातली, बघ, आरपार पडली.
चेन गेली की मागची दातेरी चक्रंही गेली,
एकीनं दुसऱ्याला बिघडवलं. दीडशे वजा.
पुढच्या शॉकच्या नळीवर ओरखडा.
चीर नाही म्हणतोस, मान्य,
पण नख अडकतं,
आणि जिथे नख अडकतं
तिथून गिऱ्हाईक सटकतं. दोनशे.
तळाशी टकटक होतंय ते बेअरिंग.
तू म्हणतोस, पेडल.
पाच वर्षं तू पेडलच म्हणतोयस.
ठीक आहे, ते मी तूर्त लिहीत नाही.

नाही, कार्बनच्या हँडलचे साडेतीनशे मिळणार नाहीत.
हौसेला मोल नसतं म्हणतात ना,
ते विकायच्या दिवशी
शब्दशः खरं ठरतं.
जुनं हँडल माळ्यावर असेल तर आण,
हे काढून वेगळं विकू.

बेटुसचा एकजण हीच सायकल सोळाशेला देतोय, माहीत आहे.
मार्चपासून देतोय.
मागितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे, इद्वल,
तोंड आहे म्हणून माणूस मागतो.
माझ्या वहीत फक्त मिटलेले सौदे असतात:
मे महिन्यात एक हजार पन्नास,
नोव्हेंबरात साडेआठशे.
आज तारीख काय?

आणि जाहिरातीत 'क्वचित वापरलेली' लिहू नकोस.
अख्ख्या गावानं तुला त्या उतारावरून
ओरडत खाली येताना पाहिलंय.

मग तुझा हात वरच्या नळीवर थांबला,
जिथे अंगठ्याएवढा पोचा आहे.
म्हणालास, नेस्टनं त्या दिवशी मला पहिल्यांदा मागे टाकलं.
चौदा वर्षांची. वळणावर, आतल्या बाजूनं.
मी तिच्याकडे बघत राहिलो
आणि भिंतीनं माझ्याकडे बघितलं.

मी पेन्सिल उचलली. साठ लिहिले.
खोडावेसे वाटले.
साठच ठेवले.
आठशे नव्वद.

शनिवारी मॅक्सन आला, झिपलाइनवर काम करणारा,
लिफाफ्यात पैसे, लिफाफ्यावर ग्रीसचा अंगठा.
पोच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
दोन फेऱ्या मारल्या गल्लीत, उतरला,
खूश होता, खिशातून लिफाफा निघतच होता,
तेवढ्यात विचारलं, सहज, आवाज कसला येतो?
मी वहीत मान घातली.

तूच म्हणालास, "बेअरिंग.
पाच वर्षं झाली. चाळीस कमी दे."

घासाघीस करायला आलेला पोरगा
बिचारा काय करणार?
त्यानं तुझ्याशी दोनदा हात मिळवला
आणि सायकल घेऊन चढाकडे वळला,
सीट त्याला दोन बोटं खाली होती,
ते तुलाही दिसलं, मलाही. कुणी हाक मारली नाही.

पेडल मात्र तू काढून ठेवले होतेस.
तेवढा विकणाऱ्याचा हक्क, रीतच आहे.
दोन्ही कोटाच्या एकाच खिशात कोंबलेस,
कोट एका अंगाला कलला,
दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला.

दारापासून बस स्टॉपपर्यंत
टकटक ऐकू येत होती.
या वेळी खरंच पेडल.