उलटा ई

ब्याण्णव साली नांदेडच्या प्रशिक्षणात
चव्वेचाळीस खुणांचा एक तक्ता मिळाला.
सुरळी करून, एस.टी.त गुडघ्यांमध्ये उभा धरून
देगलूरला आणला, आठवी ब च्या भिंतीला टांगला.
मुजम्मिल म्हणाला, सर, ह्ये ताईत हाय का?
रूपला म्हणाला, करणी कुणावर करायलात?

एक खूण विळ्यासारखी, एकीला शेपूट,
एक ई तर उताण्या पडलेल्या किड्यागत,
पाय वर.
हा आपला अ, मी सांगितलं, नुसता,
तोंड न वासता निघतो तो.
पोरांना पटलं.
मला तरी कुठं पुरतं ठाऊक होतं.

चाचणी छापायला गेलो तर
विश्वंभर कंपॉझिटरकडं उलट्या ई चा खिळा नव्हता.
त्यानं साधा उचलला, चिमट्यात फिरवला,
डोक्यावर उभा केला.
गुरुजी, म्हणाला, एवढ्यासाठी नांदेडला कामून गेलात?

फळ्यावर लिहिलं, वॉटर. म्हणा.
साईलू म्हणाला, वाटरू. घरी तेलुगू,
शब्दाचं दार उघडं सोडवत नाही त्याला.
बसय्याचा ट टाळूला जाऊन चिकटला, निघेचना.
इस्कूल म्हणणारा मुजम्मिल इथं मात्र सरळ, वाटर.
रूपलाला त्यात वाट ऐकू आली,
कुठली वाट, सर?
आणि कॅसेटमधली बाई म्हणाली, वॉऽट...
बाईनं र खाल्ला, सर!

सगळे वहीत उतरवले. माझा उतरवला नाही.
आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं ते.

त्याच वहीत रात्री दिसलं
जग.
पाण्याचा जग. आणि आपण राहतो ते जग.
तोच ज, तोच ग, काना नाही, मात्रा नाही,
जीभ मात्र एकदा टाळूला जाते, एकदा दातांना,
आणि कुणी कधी खूण मागितली नाही.
चार पेंढ्या चारा.
ज्याच्या तोंडात आहे त्याला ठाऊक,
बाकीच्यांनी विचारून घ्यावं.

परवा ग्लासगोहून मंजुळा सोनकांबळेचा फोन आला.
तिसऱ्या बाकावर बसायची, ओठ हलवायची फक्त.
आता तिथं नर्स आहे.
सर, हितली माणसं वॉटर म्हणतच नाहीत.
मधला ट टाकून देतात, नुसती खाच राहते.
तुमच्या तक्त्यात होती का ओ ती?

नव्हती.
म्हणून दाखव, म्हटलं.
वॉ, मग काहीच नाही, मग एक अ.

ते काहीच नाही मी ओळखलं.
दूध नको म्हणताना लेकरू मान फिरवून
अं-अं करतं,
त्या दोन अं मधली फट ती.
लेंडीकाठच्या दर पाळण्यात होती,
मी चव्वेचाळिसांत शोधत होतो.

लिहायला बसलो. अवग्रह द्यावा तर तो लांबवतो, तोडत नाही.
विसर्ग उसासा टाकतो. टिंब नाकात जातं.
शेवटी अर्धा इंच जागा कोरी सोडली.

आणि तुझं नाव गं? तिकडं काय म्हणतात?
मंजूला. ळ कुणाकडंच नाही, सर.
नऊ नंबरच्या खोलीत एक म्हातारा आहे,
तो रोज बघतो जमतंय का.
जीभ मागं वळवतो, कवळी निसटते,
मग आम्ही दोघं हसतो.
रात्री तहान लागते त्याला.
झोपायच्या आधी मी जग भरून ठेवते.

फोनवर मला नीट कळलं, कुठला.
इथं लिहिलंय ते तुमच्यासमोर आहे,
तुम्ही कोणता ज वाचलात
मला ऐकू येत नाही.